माजलगावच्या जात्यावरील ओव्या

माजलगावच्या जात्यावरील ओव्या म्हणजे महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यातल्या माजलगाव येथील भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी गायिलेल्या आणि १९९६ साली नोंदवल्या गेलेल्या लोकओव्यांचा संग्रह होय. हा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी उभारलेल्या जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पाचा भाग आहे. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई, रंगूबाई पोटभरे, पार्वती भदर्गे आदी गायिकांच्या ओव्या त्यात आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई आंबेडकर, गौतम बुद्ध आणि बौद्ध धम्म हे विषय या ओव्यांमध्ये ठळकपणे येतात. या ओव्यांचे मुद्रण ध्वनिमुद्रणगृहात झाले नाही. संकलक प्रवास करून गायिकांच्या वस्तीत गेले आणि तेथेच ते झाले. शतकानुशतके चालत आलेल्या एका गीतप्रकारात विसाव्या शतकातील सामाजिक परिवर्तन कसे सामावले गेले, याचा हा संग्रह महत्त्वाचा पुरावा मानता येतो.

पार्श्वभूमी

माजलगाव

माजलगाव हे मराठवाड्यातील बीड जिल्ह्याचे एक तालुक्याचे ठिकाण आहे. गोदावरीची उपनदी असलेल्या सिंदफणा नदीच्या खोऱ्यात ते वसले असून तालुक्यातील मंजरथ येथे सिंदफणा गोदावरीला मिळते. गावाजवळ सिंदफणेवर बांधलेले माजलगाव धरण १९८७ साली पूर्ण झाले. हे धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग आहे. ज्वारी हे या भागाचे परंपरागत मुख्य धान्य असून भाकरीसाठी लागणारे पीठ पूर्वी घरोघरी जात्यावर दळले जात असे.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. या भागातील दलित समाजाला शिक्षणाची दारे उघडण्यात डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचा मोठा वाटा आहे. या संस्थेने १९५० साली औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्यामागोमाग लक्षावधी अनुयायांनी धर्मांतर केले. मराठवाड्यातील गावोगावच्या वस्त्यांचे सांस्कृतिक जीवन त्यानंतर झपाट्याने बदलले.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात संमत झाला, तेव्हा मराठवाड्यात अनेक ठिकाणी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. दीर्घ संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. माजलगावच्या ओव्या नोंदवल्या गेल्या तेव्हा या घटनेला जेमतेम दोन वर्षे झाली होती. या ओव्यांमध्ये बाबासाहेबांचे नाव वारंवार येते, त्यामागील भावनिक संदर्भ समजून घेताना हा काळ ध्यानात ठेवावा लागतो.

जाते आणि ओवी

जाते हे दोन गोल दगडी तळ्यांचे बनलेले असते. खालची तळी स्थिर राहते आणि वरची तळी मधल्या खुंटीभोवती फिरते. वरच्या तळीच्या तोंडातून मूठमूठ धान्य घातले जाते. त्याला वैरण घालणे असे म्हणतात. कडेच्या लाकडी खुंट्याला धरून एक किंवा समोरासमोर बसलेल्या दोन स्त्रिया जाते ओढतात. वापराने तळ्या गुळगुळीत झाल्या की त्यांना टाकी लावून पुन्हा खरबरीत केले जाते. दळणाचे काम बहुधा पहाटे, घरातील इतर माणसे झोपेत असताना चाले. कष्टाचे हे काम हलके व्हावे म्हणून स्त्रिया ओव्या गात. सासुरवाशिणीला मोकळेपणाने बोलण्याची मुभा असलेल्या मोजक्या जागांपैकी जाते ही एक होती. त्यामुळे माहेरची ओढ, भावाची माया, सासरचा जाच, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, लेकीचे लग्न आणि पावसापाण्याची चिंता हे सारे विषय ओवीत आले.

ओवीची परंपरा प्राचीन आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडणाच्या वेळी ओवी गातात, असा उल्लेख आहे. १२९० साली सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त ओवी हा ग्रंथरचनेचा छंद झाला. ग्रंथातील ओवी आणि स्त्रियांच्या कंठातील ओवी यांचे नाते जवळचे असले, तरी दुसरीचा विस्तार लिखित साहित्याबाहेर, तोंडी परंपरेतच होत राहिला.

विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या खेड्यापाड्यांत पोहोचल्यावर घरातील दळण थांबले. स्त्रियांचे कष्ट त्यामुळे कमी झाले. मात्र ज्या श्रमाच्या सोबतीने ओवी गायिली जात होती तो श्रमच उरला नाही. लग्नातील हळद दळण्यासारख्या विधींपुरते जाते शिल्लक राहिले. १९९० च्या दशकात ओव्या सांगणाऱ्या बहुतेक स्त्रिया रोजचे दळण सोडून काही वर्षे लोटलेल्या होत्या. त्यांनी गायिलेल्या ओव्या प्रामुख्याने स्मरणातील होत्या.

यापूर्वीचे ओवीसंकलन

विसाव्या शतकात साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये स्त्रियांच्या ओव्यांचे मोठे संकलन केले. कमलाबाई देशपांडे यांचा ‘अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातील ‘अपौरुषेय’ या शब्दाला दुहेरी अर्थ आहे. कर्ता ज्ञात नसलेले आणि पुरुषांनी न रचलेले, असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ या ग्रंथाने या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली, तर सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने लोकगीतांच्या अनेक संग्रहांचे प्रकाशन केले.

या संकलनांमुळे ओवी छापील पुस्तकात आली. मात्र त्यांतील मांडणी मुख्यतः विषयवार होती. एखादी ओवी कोणत्या गावच्या, कोणत्या बाईने सांगितली हे वाचकाला सहसा कळत नसे. ओवीची चाल तर छापील पानावर येणे शक्यच नव्हते. पुढील काळातील प्रकल्पाने या दोन्ही उणिवा भरून काढण्याचा प्रयत्न केला.

जात्यावरील ओव्यांचा प्रकल्प

गी पॉइटवाँ (१९३४–२००४) हे मूळचे फ्रान्सचे. १९७० च्या दशकात ते भारतात आले आणि पुण्यात स्थायिक झाले. त्यांनी व हेमा राईरकर यांनी १९८० साली पुण्यात ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था स्थापन केली. पुणे जिल्ह्यातील मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागात ‘गरीब डोंगरी संघटना’ या नावाने चाललेल्या कामाशी दोघांचा निकटचा संबंध होता. संघटनेच्या बैठकांत बोलताना संकोचणाऱ्या स्त्रिया ओवीतून मात्र स्पष्टपणे व्यक्त होतात, या अनुभवाने ओव्यांच्या संकलनाला दिशा दिली. मुळशीच्या खेड्यांतील स्त्रिया स्वतः कार्यकर्त्या म्हणून या कामात सहभागी झाल्या. त्या गावोगाव जाऊन ओव्या ऐकत, लिहून घेत आणि त्यांच्या अर्थाविषयी गायिकांशी चर्चा करत.

सुमारे दोन दशके चाललेल्या या कामातून १ लाख १० हजारांहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या सांगणाऱ्या स्त्रियांची संख्या तीन हजारांहून अधिक असून त्या हजाराहून अधिक गावांतील आहेत. मुळशीतून सुरू झालेले संकलन हळूहळू पश्चिम महाराष्ट्राच्या इतर भागांत व मराठवाड्यापर्यंत पोहोचले. १९९३ ते १९९८ या काळात युनेस्कोसह काही परदेशी संस्थांचे अर्थसाहाय्य प्रकल्पाला मिळाले. जितेंद्र मैड हे १९९० च्या दशकात या कामात सामील झाले.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील संगणकीय संगीतशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल यांनी प्रकल्पासाठी ओव्यांच्या संहिता व टिपणांचा माहितीसाठा तयार केला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. प्रत्येक ओवीसोबत गायिकेचे नाव, गाव, वस्ती, तालुका, जिल्हा, वय, जात, व्यवसाय अशी माहिती नोंदवण्याची पद्धत या साठ्यात पाळली गेली. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण याच कामातील एक विशेष उल्लेखनीय भाग समजले जाते.

माजलगाव येथील संकलन

माजलगावच्या ओव्या १९९६ साली भीमनगर या वस्तीत नोंदवल्या गेल्या. या वस्तीत मुख्यतः बौद्ध समाजाची घरे आहेत. प्रकल्पाच्या दृष्टीने भीमनगर हे ओव्यांचे एक समृद्ध केंद्र ठरले. एकाच वस्तीतील अनेक गायिका असल्याने एकाच विषयावरील वेगवेगळ्या स्त्रियांच्या ओव्या शेजारी ठेवून पाहता येतात.

ध्वनिमुद्रणगृहात गायकाला ध्वनिक्षेपकासमोर उभे केले जाते, साथीची वाद्ये असतात, गाणे ठरावीक वेळेत बसवले जाते आणि चूक झाल्यास पुन्हा गायिले जाते. भीमनगरात यांतील काहीच नव्हते. गायिका आपल्याच वस्तीत, आपल्या ओळखीच्या स्त्रियांमध्ये गात होत्या. ओवीला वाद्यांची साथ परंपरेनेच नसते. एकीने ओवी म्हणावी आणि दुसरीने तिला साथ द्यावी किंवा तिच्या ओवीला आपली ओवी जोडावी, हा जात्यावरचा क्रम अशा ठिकाणी टिकून राहतो. त्यामुळे या मुद्रणांत गायन जितके ऐकू येते तितकाच गायिकांमधील परस्परसंवादही जाणवतो.

विषय

बाबासाहेब आंबेडकर

भीमनगरच्या ओव्यांमध्ये डॉ. आंबेडकर हे केंद्रस्थानी आहेत. त्यांचा उल्लेख भीम, भीमराव, भीमराया, बाबा अशा नावांनी होतो. राजकीय नेता, कायदेपंडित किंवा संविधानाचा शिल्पकार ही त्यांची सार्वजनिक ओळख ओवीत शिरताना नात्याचे रूप घेते. जात्यावरील ओवीत भाऊ आणि बाप यांना जे स्थान असते तेच त्यांना मिळते. माहेरचा माणूस आपल्या दारी येणार, आपल्याला मान मिळणार, अशी जी भावना पारंपरिक ओवीत भावासाठी व्यक्त होते, ती येथे बाबासाहेबांकडे वळते. विचारांचे हे घरगुतीकरण हे या ओव्यांचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे.

मोजणीच्या ओव्या

पहिली, दुसरी, तिसरी अशी मोजणी करत ओव्या वाहण्याची जुनी रीत आहे. दळणाच्या आरंभी गायिका एकेक ओवी देवदेवतांना, आईवडिलांना, भावाला, गुरूला वाहत असे. भीमनगरच्या गायिकांनी ही रीत तशीच ठेवली, पण ओवी कोणाला वाहायची हे बदलले. राधाबाई बोऱ्हाडे यांनी गायिलेल्या पाच ओव्या या प्रकारच्या आहेत. पाच ही संख्या बौद्ध परंपरेतील पंचशीलाशीही जुळते. जुन्या साच्यात नवा आशय कसा बसतो, याचे हे सुटसुटीत उदाहरण असून अभ्यासकांनी त्याकडे विशेष लक्ष वेधले आहे.

बुद्ध, धम्म आणि रमाबाई

धर्मांतरानंतर बुद्धवंदना, त्रिशरण आणि पंचशील हे बौद्ध कुटुंबांच्या दैनंदिन जीवनाचे भाग झाले. पाली भाषेतील ही वचने विहारात सामूहिकपणे म्हटली जातात. ओवीत मात्र तोच धम्म मराठीत, रोजच्या बोलीत आणि एका स्त्रीच्या आवाजात येतो. विहारातील वंदनेची जागा ओवीने घेतली नाही. वंदनेतून कळलेला अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगण्याचे साधन ती झाली.

बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई यांचे निधन १९३५ साली झाले. दारिद्र्य, मुलांचे मृत्यू आणि पतीच्या दीर्घ परदेश वास्तव्यातील एकाकीपण त्यांनी सोसले होते. ओव्या गाणाऱ्या स्त्रियांना रमाबाईंचे हे जीवन परके वाटत नाही. सीतेच्या वनवासावर ओव्या गाणाऱ्या परंपरेत रमाबाईंच्या कष्टांना सहज जागा मिळाली.

परंपरागत विषय

भीमनगरच्या गायिकांचा ओव्यांचा साठा आंबेडकरी विषयांपुरता मर्यादित मानता येत नाही. माहेर, भाऊ, लेक, मैत्रिणी असे सर्व समाजांतील स्त्रियांना समान असलेले विषय त्यांच्याही तोंडी परंपरेचे भाग आहेत. नवा विचार स्वीकारताना या स्त्रियांनी ओवीची परंपरा टाकून दिली नाही. आपल्याला हवे ते तिच्यातूनच सांगितले.

रचना, भाषा आणि गायन

ग्रंथातील ओवी साधारणपणे चार चरणांची असते आणि तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात. जात्यावरील ओवी प्रामुख्याने दोन ओळींची असते. पहिल्या ओळीत एखादे दृश्य, प्रसंग किंवा व्यक्ती समोर येते आणि दुसऱ्या ओळीत त्यावरील भाव किंवा उत्तर येते. दोन्ही ओळींच्या शेवटी यमक असते. अक्षरसंख्येचे बंधन सैल असल्यामुळे गायिका आपल्या सोयीने शब्द वाढवते किंवा आवरते.

लिहिलेली ओवी आणि गायिलेली ओवी यांत बराच फरक असतो. गाताना ओळीचे तुकडे पुन्हापुन्हा म्हटले जातात, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ अशी संबोधने येतात आणि काही वेळा ओवीच्या अधूनमधून एखादे पालुपद गुंफले जाते. त्यामुळे कागदावर दोन ओळींत मावणारी ओवी ऐकताना कितीतरी दीर्घ असते. जात्याची घरघर आणि हाताची ओढ यांचा लयीला आधार असतो. वैरण घालण्यासाठी एक हात सुटला की जाते मंदावते, श्वास घेण्याला अवसर मिळतो आणि मग ओळ पुढे सरकते. जाते समोर नसतानाही गायिकेच्या गायनात या विसाव्याच्या जागा राहिलेल्या असतात.

संकलनात शब्दांची रूपे प्रमाण मराठीत बदलून न घेता बोलीतील उच्चारांनुसार लिहिण्यात आली आहेत. मराठवाड्यातील बोलीच्या अभ्यासासाठी त्यामुळे हा साठा उपयुक्त ठरतो. व्याकरणदृष्ट्या अशुद्ध समजली जाणारी अनेक रूपे प्रत्यक्षात त्या बोलीची नियमित रूपे आहेत, हे ध्वनिमुद्रण आणि संहिता एकत्र पाहिल्यास स्पष्ट होते.

भीमगीते आणि ओवी

आंबेडकरी चळवळीला गीतांची स्वतंत्र आणि मोठी परंपरा आहे. सत्यशोधक जलशांच्या पावलांवर पाऊल ठेवून आंबेडकरी जलसे निर्माण झाले. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी आणि पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींनी हा विचार गावोगाव फिरून पोहोचवला. विठ्ठल उमप (१९३१–२०१०), प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) आदी गायकांची भीमगीते ध्वनिमुद्रिका व ध्वनिफितींमधून घराघरांत गेली. डॉ. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकांत आणि कार्यक्रमांत ती आजही वाजतात.

भीमगीत आणि भीमनगरची ओवी यांचा आशय जवळचा असला तरी त्यांची जागा वेगळी आहे. भीमगीत सभेसाठी, समुदायासमोर आणि वाद्यांच्या साथीने गायिले जाते. त्याला कवी असतो, गायक असतो आणि श्रोते असतात. ओवी ही मुळात श्रोत्यांसाठी नसतेच. गाणारी आणि ऐकणारी एकाच कामात गुंतलेल्या असतात. बाजारात मिळणाऱ्या ध्वनिफितींवर पुरुष गायकांचे प्राबल्य असताना, घराच्या आत स्त्रियांनी आंबेडकरी विचाराला दिलेला प्रतिसाद कसा होता, हे ओवीतून कळते. ध्वनिमुद्रणगृहापर्यंत पोहोचणे या स्त्रियांना शक्य नव्हते आणि त्यांनी गायिलेल्या ओव्यांना बाजारातील संगीतात जागा नव्हती. प्रकल्पाचे संकलक त्यांच्या दारी गेले नसते तर या ओव्या वस्तीबाहेर पोहोचल्या नसत्या.

ओवीचा प्रवास

ओवी ही प्रवास करणारी गीतरचना आहे. तिचा पहिला प्रवास माहेराहून सासरी होतो. मुलगी आईकडून ऐकलेल्या ओव्या घेऊन लग्नानंतर दुसऱ्या गावी जाते, तेथे सासू-जावांच्या ओव्या शिकते आणि दोन्हींची भर आपल्या लेकीला देते. एकमेकांपासून दूर असलेल्या गावांत जवळजवळ सारखीच ओवी सापडते, त्याचे एक कारण हे आहे. आळंदी-पंढरपूरची वारी, जत्रा आणि आठवडी बाजार यांतूनही ओव्या पसरल्या.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात ऊसतोडणीसाठीचे स्थलांतर हा आणखी एक महत्त्वाचा प्रवास आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. पती-पत्नीच्या जोडीला या व्यवसायात ‘कोयता’ म्हणतात. वर्षाचे काही महिने घर बंद ठेवून फडावर राहणाऱ्या कुटुंबाला जडशीळ जाते बरोबर नेणे शक्य नसते. ओवी मात्र स्मरणात असल्यामुळे सोबत जाऊ शकते.

संकलकांचा पुण्याहून मराठवाड्यापर्यंतचा प्रवास हा या साखळीतील पुढचा दुवा. त्याने ओवीला एका वस्तीतून काढून कागदावर, ध्वनिफितीवर आणि नंतर संगणकावर नेले.

जतन आणि प्रकाशन

प्रकल्पातील ध्वनिमुद्रणे गुरुग्राम येथील ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ या संगीतविषयक अभिलेखागारात जतन करण्यात आली. पॉइटवाँ आणि राईरकर यांनी ‘इंडियन पेझंट विमेन स्पीक अप’ (१९९३) आणि ‘स्टोनमिल अँड भक्ती’ (१९९६) या इंग्रजी ग्रंथांतून ओव्यांचे विश्लेषण मांडले. पॉइटवाँ यांचे २००४ साली आणि राईरकर यांचे २०१० साली निधन झाले.

ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ अर्थात ‘पारी’ या संकेतस्थळाने हा साठा पुढे नेण्याची जबाबदारी घेतली. नमिता वाईकर यांच्या नेतृत्वाखाली मार्च २०१७ पासून ओव्या मराठी संहिता, इंग्रजी भाषांतर आणि ध्वनिमुद्रण यांसह प्रसिद्ध होऊ लागल्या. भाषांतराच्या कामात आशा ओगले यांचा आणि क्षेत्रीय कामात जितेंद्र मैड यांचा सहभाग आहे. डॉ. आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने एप्रिल २०१७ मध्ये माजलगावच्या ओव्यांना या मालिकेत स्थान मिळाले. वीस वर्षांपूर्वी एका वस्तीत मुद्रित झालेले आवाज त्यामुळे प्रथमच मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचले.

महत्त्व

माजलगावच्या ओव्यांचे महत्त्व तीन अंगांनी सांगता येते.

पहिले अंग साहित्याचे आहे. जात्यावरील ओवी ही केवळ देवभक्ती आणि माहेरच्या आठवणींची, बदल न होणारी जुनी रचना आहे, असा समज रूढ आहे. भीमनगरच्या ओव्या हा समज खोडून काढतात. विसाव्या शतकातील धर्मांतर, शिक्षण आणि स्वाभिमानाची जाणीव ओवीने तितक्याच सहजतेने सामावून घेतली. लोकपरंपरा गाणाऱ्यांच्या जगण्याबरोबर बदलते, हे त्यातून दिसते.

दुसरे अंग इतिहासाचे आहे. आंबेडकरी चळवळीचा लिखित इतिहास बहुतांशी भाषणे, वृत्तपत्रे, सभा आणि पुरुष कार्यकर्त्यांच्या आठवणींवर आधारलेला आहे. अक्षरओळख नसलेल्या किंवा अल्पशिक्षित स्त्रियांचे विचार त्यात क्वचित येतात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथाने चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाची नोंद मुलाखतींच्या आधारे केली. माजलगावच्या ओव्या त्याच दिशेने जाणारे, पण गीताच्या रूपातील साधन आहे.

तिसरे अंग कर्तृत्वाचे आहे. लोकगीताचा कर्ता अनाम असतो, असे मानण्याची पद्धत आहे. एखादी ओवी पहिल्यांदा कोणी रचली हे सांगता येत नाही, हे खरे. परंतु प्रत्येक गायिका तिच्यात निवड करते, शब्द बदलते, भर घालते. गायिकेचे नाव आणि गाव ओवीसोबत नोंदवल्यामुळे या स्त्रियांना परंपरेच्या निनावी वाहक न समजता कलावंत म्हणून ओळखणे शक्य झाले.

मर्यादा

या संग्रहाचा उपयोग करताना काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. प्रकल्पातील लाखाहून अधिक ओव्यांच्या तुलनेत १२० तासांचे ध्वनिमुद्रण अल्प आहे. बहुसंख्य ओव्या केवळ लिखित रूपात उपलब्ध असून त्यांच्या चाली नोंदवल्या गेलेल्या नाहीत. ज्यांचा आवाज उपलब्ध आहे अशा माजलगावसारख्या ठिकाणच्या ओव्यांचे मोल त्यामुळेच अधिक आहे.

दुसरी मर्यादा संदर्भाची आहे. मुद्रणासाठी गायिलेली ओवी आणि पहाटेच्या दळणात सुचलेली ओवी यांत फरक असतो. संकलक समोर असताना गायिका कोणत्या ओव्या निवडते आणि कोणत्या मनात ठेवते, यावर संग्रहाचे स्वरूप अवलंबून असते. भाषांतरात यमक, बोलीतील छटा आणि नात्यांची संबोधने पूर्णपणे उतरत नाहीत.

जाते घरातून गेल्यानंतर वाढलेल्या पिढीला ओवी आपोआप मिळत नाही. ती ऐकण्यासाठी आता आजीजवळ बसावे लागते किंवा अभिलेखागाराकडे वळावे लागते. दळणाचा जाच परत यावा असे कोणीही म्हणणार नाही. त्या कष्टांतून निर्माण झालेले बोल मात्र गाणारीच्या नावासह टिकावेत, हा या संकलनामागील हेतू आहे.

हे सुद्धा पाहा

ओवी
जाते
माजलगाव
आंबेडकरी जलसा
वामनदादा कर्डक
रमाबाई आंबेडकर
पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया